साचेकाकांचा पाव हिस्सा

साचेकाकांना त्यांचं खरं नाव विचारलं की ते क्षणभर अडखळतात, असं त्यांची बायको हसून सांगायची. सगळा जन्म माणसांच्या उरलेल्या पायावर ओलं प्लास्टर गुंडाळून साचे काढण्यात गेला, आणि त्यातून हे नाव पडलं ते कायमचं. यंत्रात सापडून, रस्त्यावर, आजारात पाय गेलेली माणसं यायची, खिडकीखालच्या बाकावर बसायची. काका समोर गुडघे टेकायचे आणि म्हणायचे, "कुठं दुखतं ते आधी सांगा. कसं झालं ते मागाहून." अनोळखी माणसांचीही भीड त्या एका वाक्याने निम्मी उतरायची. मग प्लास्टर, मग त्या साच्यावर तापवून ओढलेली प्लास्टिकची खोबण, मग कानशीने कडा घासणं. खोबण नीट बसली तर माणूस चालतो, नाहीतर कृत्रिम पाय कोपऱ्यात उभा राहतो, एवढं त्यांचं शास्त्र. आत शिवायचं मऊ अस्तर काकू घरी बसून शिवायची. तिचा टाका इतका बारीक की बोटाला लागत नसे.

कारखाना दोघांनी काढला होता, काकांनी आणि त्यांच्या जोडीदाराने. जागा आणि भांडवल जोडीदाराचं, हात काकांचे. म्हणून कंपनी नोंदवताना तीन हिस्से त्याचे आणि एक काकांचा, अशी वाटणी झाली. त्या पाव हिश्शाचा काकांनी कधी विचारच केला नाही. कारखान्यात ते म्हणतील ती पूर्व दिशा होती. लहान मुलांचे पाय करायचे हा त्यांचा हट्ट. मूल वाढतं, वर्ष झालं की खोबण घट्ट होते, पुन्हा साचा, पुन्हा सगळं. कष्ट तेवढेच आणि हाती काही लागत नाही. जोडीदार कुरकुरायचा, "तुझी ही पोरं मला एक दिवस भिकेला लावणार." आणि त्याच पोरांना गल्ल्यातून गोळ्या काढून द्यायचा.

जोडीदार गेला. त्याच्या मुलांना या कामात रस नव्हता. त्यांनी आपले तीन हिस्से एका मोठ्या कंपनीला विकले. दवाखान्याचे पलंग, चाकाच्या खुर्च्या, श्वासाची यंत्रं बनवणारी ती कंपनी. थोरला मुलगा काकांकडे येऊन बसला. "काका, आत्ता आमच्याबरोबर विका. सगळ्यांना एकच भाव मिळतोय. नंतर एकट्या पाव हिश्शाला कुणी विचारणार नाही."

"मला विकायचाच नाही, तर भाव घेऊन काय करू?" काका म्हणाले.

तो चांगल्या मनाने सांगत होता. पण काकांना वाटलं, हिस्सा हातात राहिला म्हणजे कारखान्यात पाय राहिला.

पुढच्या वर्षातच त्यांना निवृत्त केलं. नवा व्यवस्थापक तरणाबांड आणि फार नम्र होता. त्याने छोटं भाषण केलं, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आणि म्हणाला, "काका, पगार थांबला तरी तुमचा हिस्सा आहेच की!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

हिश्शाचं म्हणून नंतर काहीही आलं नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्याही नाही. आणि त्याच सुमारास काकूचे डोळे गेले, म्हणजे जायला लागले. सुईत दोरा ओवताना तिला नेढ्याच्या जागी काळा ठिपका दिसायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या पडद्यामागे रक्त झिरपतंय. सुया द्याव्या लागतील, मग शस्त्रक्रिया, आणि उशीर केला तर जे जाईल ते परत यायचं नाही. पहिल्या काही सुयांमध्ये साठवलेलं सगळं संपलं. मग काकूच्या बांगड्या गेल्या. मग काकांनी सुयांची पुढची तारीख एकदा चुकवली आणि घरी येऊन खोटं सांगितलं, की डॉक्टर गावाला गेलेत.  काकूला कमी दिसत होतं, कळत सगळं होतं.

अशातच चिमणीची आई आली. चिमणी म्हणजे जन्मतःच गुडघ्याखाली एक पाय नसलेली मुलगी. तिचा पहिला पाय काकांनीच केला होता, ती जेमतेम उभी राहायला लागली तेव्हा. आई धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. पोरीच्या पायावर चट्टे उठलेले, खोबण घट्ट झालेली. "काका, कारखान्यात म्हणतात लहानांचं काम बंद केलंय. मी कुठं जाऊ? बाहेर सांगतात तो भाव ऐकून मला चक्कर आली."

"कोण म्हणतं बंद केलंय? माझा हिस्सा आहे तिथं," काका म्हणाले आणि तडक कारखान्यात गेले.

व्यवस्थापकाने त्यांना बाहेर बसवलं. पूर्वी तिथं बाक होता, आता गुबगुबीत सोफा. समोरच्या टेबलावर मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल ठेवलेला होता, गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक. मुखपृष्ठावर कृत्रिम पाय लावून धावणारा तरुण. काकांनी पाहिलं आणि ओळखलं. ती खोबण त्यांच्या हातची होती. नंतर व्यवस्थापकाने आत बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की लहान मुलांचं काम खरंच बंद झालंय, आदेश वरून आलाय, त्याच्या हातात काही नाही. निघताना काकांनी विचारलं, "हे पुस्तक नेऊ का?"

"न्या ना! आमच्याकडे गठ्ठे आहेत."

दुपारभर काका चष्मा लावून ते पुस्तक चाळत बसले. आकड्यांची पानं त्यांना कळणारी नव्हती. पण नफ्याच्या पानावर अगदी तळाशी एकूण नफ्याची फोड दिली होती. मुख्य कंपनीच्या भागधारकांचा इतका, आणि त्याखाली, 'नियंत्रण नसलेल्या हिस्सेदारांचा' इतका. पुढे एका टिपेत अशा हिस्सेदारांच्या कंपन्या सांगितल्या होत्या, आणि त्यात काकांचा कारखाना होता. नावानिशी. समोर लिहिलं होतं, पाव हिस्सा, आणि त्या वर्षीचा त्याचा नफा. पाव हिस्सा काकांशिवाय दुसऱ्या कुणाचा नव्हता. आकडा त्यांनी दोनदा बोट ठेवून वाचला. त्यात काकूच्या दोन्ही डोळ्यांचं भागून वर पाय करायला एखादी खोली भाड्याने घेता आली असती, भट्टी टाकता आली असती.

"अगं ऐकलंस का! छापून आलंय! आपला नफा छापून आलाय!"

काकू भिंतीला धरत आली. "काय छापलंय?"

"नियंत्रण नसलेल्या हिस्सेदारांचा नफा. म्हणजे माझा."

"नियंत्रण नसलेला म्हणजे?"

"म्हणजे... ज्याचं काही चालत नाही तो."

"मग तुमच्याबद्दलच आहे," काकू म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी दोघं पोट धरून हसले.

त्या हसण्याच्या भरात काकांनी एक चूक केली. दुसऱ्याच दिवशी इस्त्रीच्या दुकानात जाऊन त्यांनी चिमणीच्या आईला शब्द दिला. "पैसे येताहेत. मी स्वतः करतो पोरीचा पाय. तू काळजी सोड." तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि भर दुकानात त्यांच्या पाया पडायला वाकली. काकांनी तिला मध्येच धरलं.

मग ते मोठ्या कंपनीच्या कचेरीत गेले, ठेवणीतला सदरा घालून. हिशेब विभागातल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पुस्तकातलं पान बघितलं, पुन्हा काकांकडे बघितलं. त्यांना बहुधा वाईट वाटलं असावं, कारण त्या फार सावकाश बोलल्या. "काका, हे देणं नाहीये. हा नफ्याचा वाटा कुणाकडे मोजायचा, एवढंच इथं दाखवलंय."

"वाटा माझा आहे असं तुम्हीच लिहिलंय."

"हो."

"मग द्या."

"लाभांश जाहीर झाला तर मिळेल. तो कारखान्याच्या संचालकांनी सुचवायचा असतो."

"संचालक कोण?"

बाईंनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "आमचेच अधिकारी आहेत."

काका घरी गेले नाहीत. सरळ भाचीकडे गेले. त्यांच्या बहिणीची ही मुलगी हिशेब तपासणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरीला होती. ती नुकतीच कामावरून येऊन दूध तापवत उभी होती. काकांनी पुस्तक ओट्यावर आपटलं. "हे माझं आहे का नाही, एका शब्दात सांग."

भाचीने पान वाचलं. "मामा, एका शब्दात नाही सांगता येणार. बस." मग पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "समज, हे मोठ्या कंपनीचं पातेलं. आपला कारखाना तिच्या हुकमात चालतो, म्हणून कारखान्याचं दूध ती आपल्या पातेल्यात पाऊण नाही, सगळंच्या सगळं ओतलेलं दाखवते. विक्री सगळी, खर्च सगळा, नफा सगळा. असाच नियम आहे. पण मग शेवटी तिला लिहावं लागतं, की यातलं एवढं दूध आमचं नाही. ती तुझी ओळ."

"म्हणजे माझंच झालं ना?"

"तुझंच. पण पातेल्याचं झाकण त्यांच्या हातात आहे. लाभांश दिला तर तुला ओतून मिळेल. नाही दिला तर तुझ्या नावावर साठत जाईल. हे बघ, ताळेबंदात वेगळं दाखवलंय. दरवर्षी फुगतंय."

"साठतंय कुठं?"

"कागदावर. त्यामागे नवी यंत्रं आहेत, तो सोफा आहे, आणखी काय काय."

"किती वर्षं साठवू शकतात?"

"मनाला येईल तेवढी."

काका ओट्याच्या कडेला धरून उभे राहिले. "मग छापतात कशाला? माणसाला वेडं करायला?"

"मोठ्या कंपनीचे शेअर घेणाऱ्यांसाठी," भाची हळू आवाजात म्हणाली. "सगळा नफा आपलाच आहे असा त्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून. ती ओळ तुझ्याबद्दल आहे मामा, पण तुला उद्देशून नाही लिहिलेली."

दूध उतू गेलं. तिने गॅस बंद केला, फडकं घेतलं. ती पुसत असताना काकांनी विचारलं, "पण इतका नफा आला कुठून? मी होतो तेव्हा एवढा कधीच नव्हता."

भाचीने पुढची पानं उलटली आणि मध्येच थांबली. तिला ते वाचून दाखवायचं नव्हतं. काकांनी पुस्तक ओढून घेतलं आणि स्वतःच वाचलं. लहान मुलांसाठीची कमी नफ्याची उत्पादनं बंद केल्यामुळे कारखान्याचा नफा लक्षणीय वाढला, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे चिमणीच्या पायावरचे चट्टे त्या आकड्यात होते. ज्या ओळीवर काका आदल्या दिवशी हसले होते, ती त्या पोरांचं काढून घेऊन मोठी झाली होती. त्यांना भडभडून आलं. मोरीत जाऊन त्यांनी तोंडावर पाण्याचे हबके मारले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

कारखान्याच्या वार्षिक सभेची सूचना आली तेव्हा त्यांना थोडी आशा वाटली. सभा वरच्या खोलीत होती. पूर्वी तिथं पट्ट्यांचं चामडं वाळत टाकायचे. आता लांब टेबल होतं, मोठ्या कंपनीची तीन माणसं होती, व्यवस्थापक होता, आणि काका. काकांनी लाभांशाचा विषय काढला. टेबलाच्या टोकाला बसलेले साहेब म्हणाले, की विस्तारासाठी नफा राखून ठेवणं हिताचं आहे. सर्वांच्या, म्हणजे काकांच्याही. हात वर करायला सांगितलं. एका बाजूला तीन हिस्से, एका बाजूला एक. चहाचे कप खाली ठेवायच्या आत निकाल लागला.

"दुसरं म्हणजे लहान मुलांचे पाय," काका उठून उभे राहिले.

"तो विषयपत्रिकेवर नाही."

"नसेल! तो रस्त्यावर खुरडत चाललाय! खाली उतरून बघा एकदा!" काकांचा आवाज फुटला. टेबलावर त्यांनी एवढ्या जोराने हात आपटला की साहेबांचं पाणी सांडलं. नम्र व्यवस्थापकाने स्वतःचा पेला त्यांच्यापुढे केला. "काका, पाणी घ्या. बसा. तुमच्या भावना नोंदवून घेऊ."

खरंच नोंदवल्या. इतिवृत्तात एका ओळीत.

भाची म्हणाली, कोर्टात जाता येईल. लहान हिस्सेदारावर अन्याय झाला तर कायदा आहे. पण वर्षं लागतील. काकूच्या डोळ्यांकडे वर्षं नव्हती. एव्हाना तिला समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसत होता. ती काकांशी बोलताना थोडी बाजूला बघायची, म्हणजे डोळ्याच्या कडेने तरी ते दिसावेत.

सभेनंतर व्यवस्थापक घरी आला, फळं घेऊन. वरचे लोक काकांचा हिस्सा विकत घ्यायला तयार होते. त्याने भाव सांगितला. जोडीदाराच्या मुलांना मिळाला त्याच्या निम्म्याहून कमी.

"नफा वाढला म्हणता, आणि भाव पडला?" काकांनी विचारलं.

"काका, ज्या हिश्शाला चालवायचा अधिकार नाही, तो दुसरं कोण घेणार? बाजारात तसंच चालतं." तो खाली मान घालून बोलत होता. "मी म्हणतो, घ्या. याहून जास्त मी त्यांच्याकडून नाही काढू शकलो."

करार भाचीने वाचला. सगळं ठीक होतं, एक कलम सोडून. हिस्सा विकल्यानंतर पाच वर्षं काकांनी कृत्रिम पाय करायचा नाही, दुरुस्त करायचा नाही, त्याबद्दल कुणाला सल्लाही द्यायचा नाही. भाचीने ते कलम काढून टाकायला सांगितलं. कंपनीने उलट कळवलं, की ते काढलं तर व्यवहार नाही.

काका घरात येरझारा घालत होते. "सही नाही करणार. माझे हात बांधून घेणार आणि वर पैसे देणार? चिमणीला काय सांगू? शब्द दिलाय मी."

काकू पलंगावर बसली होती. "आणि मला काय सांगणार?"

"अगं, दुसरा काही मार्ग..."

"कुठला? सांगा ना. डॉक्टर गावाला गेलेत, तोच ना?" ती कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. "सगळा जन्म लोकांचे पाय केलेत. मी अस्तरं शिवली. एका शब्दाने कधी म्हटलं नाही की पुरे. आज म्हणते. मला दिसत नाहीये हो! तुम्ही समोर आहात आणि तुमचं तोंड मला दिसत नाहीये! एकदा तरी माझ्याकडे बघा."

काका तिच्याजवळ जाऊन बसले. दोघंही रडले, पण वेगवेगळ्या कारणांसाठी, आणि ते दोघांनाही कळत होतं. काही वेळाने काकू म्हणाली, "त्या पोरीचं मला कळत नाही असं नाही."

"माहीत आहे."

"तरी पण सही करा."

काकांनी सही केली.

शस्त्रक्रिया झाली. एक डोळा वाचला. दुसऱ्याला उशीर झाला होता. ती चुकवलेली तारीख डॉक्टरांनी कागदावर पाहिली आणि काकांकडे बघून नुसती मान हलवली. काकांनी ते काकूला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. आता ती एका डोळ्याने स्वयंपाक करते, पेपरचे मथळे वाचते, सुईत दोरा मात्र ओवता येत नाही.

चिमणीच्या घरी जायला काकांनी फार दिवस लावले. गेले तेव्हा सकाळ होती. आई पाणी भरत होती. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. ती ऐकत होती. बादली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

"म्हणजे तुमचं भागलं," ती शेवटी म्हणाली.

काकांनी वाहत्या बादलीकडे बघून मान डोलावली.

"मी तुमच्या भरवशावर मदत देणाऱ्या सहा ठिकाणी नाही म्हणून आले, काका. एक शिबिर होतं, पाय फुकट बसवायचं. तेही सोडलं. तुम्ही म्हणालात, काळजी सोड. सोडली मी." तिने नळ बंद केला. "जा आता. माझी कामावर जायची वेळ झाली."

काका वळले. तेवढ्यात आतून चिमणी आली, भिंतीला धरत, एका पायावर लंगडी घालत. पाय तिच्या बगलेत होता. काकांना बघून तिचा चेहरा फुलला. "काका, हा चावतो," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली आणि पाय त्यांच्यापुढे धरला.

काकांनी तो हातात घेतला. करारात काय लिहिलं होतं ते त्यांना पाठ होतं. तक्रार झाली तर घेतलेले पैसे परत मागतील, आणि पैसे तर दवाखान्यात गेलेले. शेजारच्या दारात एक बाई उभी राहून बघत होती. काकांनी खोबणीच्या आत बोट फिरवलं. मागची कड आत दबली होती, अस्तर फाटलं होतं. तीच जागा सोलत असणार.

"घरात कानस आहे का?" त्यांनी विचारलं.

  आई आत गेली आणि दाराची कडी दुरुस्त करताना आणलेली एक जुनी कानस घेऊन आली, आणि वर एक जुना लोकरी मोजा.

काका उंबऱ्यावरच बसले, उजेडात. चिमणीला समोर बसवलं, तिच्या पायाला हात लावण्याआधी विचारलं, "कुठं दुखतं?" तिने बोट ठेवलं. ते कड घासत राहिले, फुंकर मारत राहिले, पुन्हा लावून बघत राहिले. मोजा कापून त्याचं अस्तर केलं. टाके आईने घातले, काकांकडे न बघता. फार काही साधलं नाही. खोबण मुळात लहान झाली होती. हे काम दोन-चार महिने चाललं असतं, फार तर. तेही त्यांनी आईला सांगितलं.

"मग पुढं?" तिने विचारलं.

"शिबिर पुन्हा कधी आहे ते बघून येतो. रांगेत मी उभा राहतो."

"तुमचा शब्द नको मला आता," ती म्हणाली.

"बरं," काका म्हणाले. "नुसता जाऊन येतो."

ती कामावर निघून गेली. चिमणी अंगणात दोनदा फेऱ्या मारून आली, जपून, ओठ घट्ट मिटून. काका भुकटी झाडून उठले, शेजारणीला नमस्कार केला आणि शिबिराची चौकशी कुठं होते ते विचारत रस्त्याला लागले.